शिवार, गोटे आणि कुत्रं: नागपूरभोवतीच्या भटकंतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी पहाटे कुत्रं गाडीत घालून नागपूरबाहेर पडणारे आम्ही काही जण आहोत. जुने गोटे, शिवेवरचे देव, उठून गेलेली गावं आणि राज्याची हद्द ओलांडली की लागणारा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख, हा आमचा नाद. नवा माणूस आला की फिरून फिरून तेच विचारतो, म्हणून उत्तरं लिहून ठेवली आहेत. क्रम फारसा लावलेला नाही.

नागपूरजवळ पुरातत्त्व म्हणावं असं आहे तरी काय? आम्हाला रामटेक आणि सीताबर्डीचा किल्ला एवढंच ठाऊक.

नागपूर जिल्हा महापाषाणयुगीन शिळावर्तुळांसाठी जगभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे, नागपूरकरांना तेवढा नाही. मोठमोठे गोटे गोलाकार मांडून आत दफन केलेलं, वर खडी आणि काळी माती भरलेली. लोखंड वापरणारे, घोडे पाळणारे हे लोक. काळ ढोबळमानानं इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. काटोल रोडच्या बाजूला जुनापाणीत अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात ती उकरून पाहिली, पुढे १९६१ च्या सुमारास बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. माहुरझरीला शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठाच्या चमूला घोड्याचे अवशेष मिळाले, त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यांसकट. माहुरझरी हे मौल्यवान खड्यांचे मणी घडवणारं गावही होतं. टाकळघाट-खापा इकडे बुटीबोरीच्या बाजूला. पेंच नदीकाठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

त्यानंतरच्या काळातलं पाहायचं तर कुही तालुक्यातलं अदम, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे स्तूप, मनसरच्या टेकड्या आणि नगरधन. नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. तिथल्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, नवऱ्याच्या पश्चात वाकाटकांचा कारभार तिनं चालवला. बोटभर मातीच्या तुकड्यावर राज्य चालवणाऱ्या बाईचं नाव, हे मला कुठल्याही बुरुजापेक्षा मोठं वाटतं.

जुनापाणीला कुत्रं चालतं का?

नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या आवारात जनावर आणायला नियमानंच मनाई आहे, आणि १९५८ च्या कायद्याखाली जी स्मारकं येतात त्या सगळ्यांना ती लागू आहे. चौकीदार दिसला नाही म्हणून नियम उठत नाही. आम्ही पाळी लावतो: दोघं आत, दोघं बाहेर झाडाखाली कुत्री धरून, मग अदलाबदल. मनसरलाही तेच. एकटे असाल तर कुत्रं घरी ठेवून या. गाडीत कोंडून जाऊ नका, अगदी डिसेंबरातसुद्धा; नागपूरचं ऊन दहा वाजता काय करतं ते वेगळं सांगायला नको.

मग कुत्र्याला घेऊन पाहायचं काय?

कुंपणाबाहेरचं सगळं. शिळावर्तुळं काही फक्त जुनापाणीत नाहीत. हिंगणा, कळमेश्वर, काटोल रोडच्या पट्ट्यात बरड जमिनीवर, कुणाच्या वावराच्या कडेला, गुरचराईच्या माळावर ती विखुरलेली आहेत. त्यांच्यापर्यंत जायला पांदण असते. पांदण म्हणजे दोन वावरांमधली सार्वजनिक वाट, बैलगाडीच्या रुंदीची, दोन्ही बाजूंनी बाभूळ, बोरी, पळस. कुत्र्याला याहून चांगला रस्ता नाही: गाड्यांची वर्दळ नाही, हुंगायला भरपूर, आणि कुणाच्या पिकात शिरायची गरज नाही.

माझं म्हणणं असं की कुत्रं सोबत असलं की आपोआप स्मारक सोडून शिवार पाहणं होतं, आणि या भागातली खरी गंमत शिवारातच आहे. दोन गावांच्या मधली जी जागा, तिथंच लोकांनी मेलेल्यांना ठेवलं, तिथंच वाघदेव आणि मारुती बसवला, तिथंच पिढ्यान्‌पिढ्या रोगराई नेऊन टाकली. मोटारीतून जाणाऱ्याला ही जागा म्हणजे दोन पाट्यांमधला रिकामा रस्ता. कुत्र्याला मात्र तिथं दर पावलाला थांबायचं असतं, म्हणून तुम्हीही थांबता.

शिळावर्तुळ ओळखायचं कसं? आम्हाला सगळीकडे नुसते गोटेच दिसतात.

हा प्रश्न आवडीचा आहे, म्हणून जरा ऐसपैस.

पहिली गोष्ट, शेतकऱ्यानं नांगरताना वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकलेल्या गोट्यांचा ढीग आणि वर्तुळ यांत गोंधळ होतो. ढिगात लहानमोठे सगळे गोटे एकावर एक पडलेले असतात, कसेही. वर्तुळातले गोटे साधारण एका मापाचे, जमिनीत अर्धे रुतलेले आणि एकमेकांपासून बेताच्या अंतरावर. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा किंचित उंच, ताटात उलटी वाटी ठेवावी तशी, आणि तिच्यावर बारीक खडी. एखादा गोटा घरंगळला किंवा कुणी पायरीसाठी उचलून नेला तरी बाकीच्यांवरून गोल पुरा करता येतो. एक दिसलं की आजूबाजूला बघा. वर्तुळ सहसा एकटं नसतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. भर दुपारी माळ सपाट दिसतो. सूर्य वर आल्यावर पहिला तासभर, आणि मावळायच्या आधी, सावल्या लांब पडतात तेव्हा ती हलकीशी उंची उठून येते. याच उजेडात काही गोट्यांवरचे वाटीसारखे खळगेही दिसतात. जुनापाणीच्या काही दगडांवर हे खळगे रांगेत कोरलेले आहेत. बोटाचं टोक बसेल एवढे, कडा गुळगुळीत. ते कशासाठी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. आकाशातल्या दिशांशी त्यांचा मेळ लावून पाहणारेही आहेत. पावसाच्या सरीनंतर त्यांत पाणी साचतं, मुंग्या कडेनं फिरतात, आणि तुमचं कुत्रं बहुधा ते पाणी चाटून टाकेल. चाटू द्या, पण दगडावर पाय वर करू देऊ नका. पट्टा आखूड धरा.

तिसरी गोष्ट, फसवे उंचवटे. मनसर-कांद्रीकडे मँगनीजच्या खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग आहेत, त्यांवर झुडपं वाढली की ते हुबेहूब पुरातन टेकाड दिसतात. आणि मुरमासाठी जेसीबीनं कोरलेल्या खड्ड्याच्या काठावर जे उरलंसुरलं अर्धवर्तुळ दिसतं ते मात्र अनेकदा खरंच असतं. मुरूम ही या वर्तुळांची सगळ्यात मोठी वैरीण. घरं बांधायची, रस्ते करायचे, मुरूम लागणारच. पण माळ ‘पडीक’ म्हणून कागदावर लागला की त्यावरचे गोटे कुणी मोजत नाही.

कोणत्या महिन्यांत जावं?

जानेवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत, आणि तेही सकाळी. पावसाळ्यात गवत कमरेएवढं असतं, वर्तुळ पायाखाली आलं तरी कळत नाही. काळी माती कुत्र्याच्या पंजांत भरून लाडू होतात ते वेगळंच. दिवाळीनंतर हवा छान असते, पण कुसळी गवत वाळलेलं असतं. कुसळ कुत्र्याच्या कानात किंवा बोटांच्या फटीत शिरलं की आतआत जातं, कातडी फोडून गाठ येते, कधी भूल देऊन काढावं लागतं. त्या दिवसांत घरी आल्यावर दर वेळी कान, बगला, पंजे बोटांनी चाचपून बघा. फेब्रुवारी-मार्चात गवत बसलेलं असतं, पळस पेटलेला असतो, मोह टपकायला लागतो.

मार्चनंतर बंद. नवतपा, म्हणजे मेअखेरचे जाळणारे नऊ दिवस, तर विसराच. दगडावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला टेकवत नसेल तर कुत्र्याला चालवत नाही.

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला?

नाही, नाही आणि नाही. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही, आणि कारण पटण्यासारखं आहे. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वन्यप्राण्यांना होतो; २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये हाच विषाणू आढळला होता. उलट दिशेनं पाहिलं तर बिबट्याच्या लेखी कुत्रं म्हणजे सोपी शिकार. हद्दीबाहेरच्या जंगलातही, म्हणजे काटोल, कळमेश्वर, हिंगण्याच्या बाजूनं, बिबट असतो आणि वाघ अधूनमधून येतो. झुंजूमुंजू व्हायच्या आधी आणि दिवस बुडाल्यावर झाडीत शिरू नका. गावात कुणी म्हणालं, ‘वाघ दिसला बाप्पा परवा,’ तर शहाणपणा न करता त्या दिवशी दुसरीकडे जा.

गावातली कुत्री अंगावर येतात. काय करायचं?

येणारच. त्यांच्या घरात तुम्ही शिरलात.

नीट पाहाल तर यात एक शिस्त आहे. पहिल्या गोठ्यापाशी एक कुत्रं भुंकतं, मग पाच-सहा जमतात, आणि शेपट्या ताठ करून तुमच्यामागे येतात. तुम्ही न थांबता, न पळता चालत राहिलात तर एका जागी येऊन ती थबकतात: कुठे नाला, कुठे मोठं चिंचेचं झाड, कुठे पांदणीचं वळण. त्यापुढे एक पाऊल नाही. दोनचार वेळा भुंकून परत. थोडं पुढे गेलं की पलीकडच्या गावाची कुत्री वाट बघत असतात. कुत्र्यांची ही शीव तलाठ्याच्या नकाशाशी जुळेलच असं नाही, पण नाला बहुतेक वेळा दोघांनाही मान्य असतो.

करायचं एवढंच: आपलं कुत्रं आखूड पट्ट्यावर, तुमच्या आणि धुऱ्याच्या मध्ये. हातात काठी असू द्या, उगारू नका. खाली वाकून गोटा उचलल्याचं नुसतं सोंग केलं तरी गावची कुत्री मागे हटतात. शक्य असेल तिथं गावाला वळसा घाला. लहान कुत्रं उचलून छातीशी धरू नका, बाकीची उड्या मारतात. आणि कुणी घराबाहेर येऊन हाकललंच तर थांबून ‘रामराम काकाजी’ म्हणा. पुढच्या सगळ्या गोष्टी तिथूनच सुरू होतात.

शेतातून जाताना कशाची काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी तारेची. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, पीक खातात म्हणून वावराला तार असते. झटका मशीनची तार दणका देते, जीव सहसा घेत नाही. पण काही जण रात्री थेट लाइनचा करंट सोडतात. ते बेकायदा आहे, त्यानं माणसंही मेली आहेत, आणि सकाळी काढायचं राहून जातं. कुठल्याही तारेला कुत्र्याचं नाक लागू देऊ नका.

दुसरी विहीर. विदर्भातल्या कितीतरी विहिरींना कठडा नाही, काठावर गवत वाढलेलं, आणि कुत्रं सशामागे धावलं की सरळ आत. पट्टा सुटा नको याचं हे एक कारण पुरेसं आहे. तिसरी फवारणी: कपाशीवर औषध मारायचे दिवस साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्या काळात कपाशीत आणि तिच्या पाटाच्या पाण्याजवळ फिरकू नका. बकऱ्यांचा कळप दिसला की थांबा, कळप जाऊ द्या. संत्र्याच्या बगीच्यात विचारल्याशिवाय जाऊ नका. विचारलंत तर मालक बहुधा दोन संत्री हातात ठेवतो.

‘रिठी’ गाव म्हणजे काय? नकाशावर फार दिसतात.

महसुली दप्तरात गाव आहे, नाव आहे, शेतसारा आहे, फक्त वस्ती नाही. पटकीच्या साथीनं, पाणी आटल्यानं, धाडीमुळे नाहीतर धरणात गेल्यानं माणसं उठून गेली. शोधायची खूण सांगतो: ओसाड माळावर अचानक चिंचेची, आंब्याची जुनी झाडं एका घोळक्यात दिसली की समजा इथं घरं होती. मग बुजलेली विहीर, जात्याचा तुकडा, खापरं, आणि एखाद्या पारावर मारुती. अनेक ठिकाणी देवाला शेंदूर ताजा असतो, कारण उठून गेलेल्यांची नातवंडं वर्षातून एकदा नारळ फोडायला येतात.

कुत्र्यांना ही जागा आवडते. मुंगूस, घोरपड, उंदीर सगळं इथं असतं. म्हणजे सापही असतो, तेव्हा पडक्या भिंतींत नाक खुपसू देऊ नका.

लोककथा ऐकायच्या कुणाकडून, आणि कशा?

गुरं चारणाऱ्याकडून. देवळातल्या पुजाऱ्याकडे ठरलेली गोष्ट असते. गुराख्याकडे जागेची गोष्ट असते. शिवाय त्याच्यासोबतही कुत्रं असतं, त्यामुळे बोलणं काढावं लागत नाही, ते आपोआप निघतं. विचारताना ‘पुरातत्त्वीय अवशेष’ म्हणू नका. ‘भाऊ, इकडे ते गोल मांडलेले गोटे कुठी आहेत?’ एवढं पुरतं. आणि गुराख्याला हलकं लेखू नका: बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० साली ४२४ तांब्याची हत्यारं आणि चांदीचे १०२ पत्रे असा मोठा साठा मिळाला, तो गुरं राखणाऱ्या पोरांना.

गोष्टी काय मिळतात? जुनं आणि मोठं काही असलं की ते ‘गवळ्यांच्या राज्यातलं’ असं सांगायची या भागात जुनी रीत आहे. देवगडचा पहिला गोंड राजा जाटबा, त्यानं गवळी राजांना मारून गादी घेतली. तो शेंगांच्या वेलाखाली जन्मला आणि नागानं फणा धरून त्याला सावली केली, अशी कथा. देवगड आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहनं १७०२ मध्ये नागपूर वसवलं. म्हणजे या शहराची जन्मकथा हद्दीपलीकडे सुरू होते, आणि आपल्याकडे ती शाळेत एका ओळीत उरकतात याचं मला नवल वाटतं.

दुसरं नाव भिवसन. गोंडांचा हा देव आणि महाभारतातला भीम कधी एक होतात, कधी वेगळे. सांगणारा कोण आहे त्यावर अवलंबून. पेंचच्या पाण्याकाठी कुवारा भिवसनाचं मोठं ठाणं आहे, चैत्रात जत्रा भरते. मनसरच्या टेकडीला हिडिंबा टेकडी म्हणतात, तेही याच गोतावळ्यातलं. दुरुस्त करायला जाऊ नका. ‘खरं तर तो वाकाटकांचा वाडा आहे काकाजी’ म्हणालात की काकाजी गप्प होतात.

आणि स्टीफन हिस्लॉप यांच्याविषयी वाचून जा. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. दगडातले जीवाश्म गोळा करायचे आणि गोंडांची गाणी उतरवून घ्यायचे; गोंडांचा आद्य पुरुष लिंगो, त्यानं गुहेत कोंडलेल्या देवांना सोडवल्याचं लांबलचक गाणं त्यांच्या टिपणांत मिळालं. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेशी ही कथा जोडलेली आहे आणि माघी पौर्णिमेला तिथं आजही लाखो लोक जातात. १८६३ च्या सप्टेंबरात हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले. परतताना बोरीजवळ नाल्याला पूर होता. त्यात ते वाहून गेले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. पावसाळ्यात नाला ओलांडायचा मोह झाला की आमच्यात कुणीतरी त्यांचं नाव घेतंच.

शिवेवरच्या देवाजवळ कुत्रं नेलं तर लोक रागावतात का?

कुत्र्यावर सहसा नाही. भैरवाचं वाहन कुत्रं, दत्ताच्या पायाशी कुत्री, खंडोबाच्या सोबत कुत्रं. आपल्याकडे कुत्रं देवाला परकं नाही. पण मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ओट्यावर चढलं किंवा नैवेद्याला तोंड लावलं तर राग येणारच, आणि बरोबर आहे. चपला काढता तिथंच कुत्रं थांबवा. गोंडांच्या देवस्थानात, जिथं बाहेरच्यांनी यायचं की नाही हेही ठरलेलं असतं, तिथं आधी विचारा.

उतारा मात्र खास सांगतो. शिवेवर, तिवाट्यावर लिंबू, भात, अंडं, कधी कोंबडीचा तुकडा ठेवलेला असतो. कुत्र्याला तो मेजवानी वाटतो. श्रद्धा-अंधश्रद्धा बाजूला ठेवा. लिंबाला टाचण्या टोचलेल्या असतात, त्या पोटात गेल्या तर ऑपरेशन. ‘सोड’ म्हटलं की तोंडातलं सोडायला शिकवा. आमच्या बुंदीला ते शिकवायला एक अख्खा हिवाळा गेला.

मारबत आणि गोटमार पाहायला कुत्रं नेऊ का?

मारबत म्हणजे ईडा-पीडा घालवायला काढतात तो पुतळा. तिच्या मिरवणुकीत ढोल, फटाके आणि मुंगी शिरायला जागा नाही. गोटमारीत तर खरेच गोटे उडतात: पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून वर झेंडा बांधतात, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. कुत्रं घरीच.

पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खेड्यात जरूर जा, कुत्र्याशिवाय. शहरातली काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची, ती सगळ्यांना ठाऊक आहे. खेड्यात तेच काम दारात लावलेल्या पळसाच्या फांद्यांवर भागतं. पहाटे त्या उचलून ‘ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत शिवेवर नेऊन टाकतात. शिवेपलीकडचं गाव तेच आपल्या बाजूनं करत असतं. दोन्ही गावांची पीडा एकाच धुऱ्यावर येऊन पडते, आणि पुढे तिचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

मध्य प्रदेशच्या हद्दीत जायला काही अडचण?

सावनेर, केळवद ओलांडलं की हद्द लागते. सौंसर-पांढुर्ण्यात लोक मराठी बोलतात, पोळा करतात, दुकानाच्या पाट्या तेवढ्या हिंदीत. १९५६ पर्यंत हा सगळा एकच प्रांत होता आणि नागपूर त्याची राजधानी. रेघ नंतर पडली. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक सोबत ठेवा, रेबीजची नोंद चालू वर्षाची हवी. हद्दीच्या दोन्ही बाजूंना वनखात्याची नाकी आहेत; विचारलं तर सरळ सांगा कुठे चाललात.

मला एक खापर सापडलं. घरी नेऊ?

नको. जिथं आहे तिथं ठेवा. आतून काळं, बाहेरून तांबडं खापर दिसलं तर नाणं किंवा किल्ली शेजारी ठेवून फोटो घ्या, मोबाइलवर ठिकाणाची नोंद करा, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाला कळवा. घरच्या काचेच्या कपाटात ते नुसतं खापर. जागेवर असेल तर वस्तीचा पुरावा. जवळून बघायची हौस असेल तर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जा. ते १८६३ पासून आहे आणि गुंगेरियाच्या साठ्यातल्या वस्तूही तिथं आहेत. तिकीट स्वस्त, गर्दी जवळजवळ नाहीच.

आणि गुप्तधन?

वर्तुळाखाली हंडा आहे ही समजूत जुनी आहे आणि तिनं फार नासाडी केली. खाली हाडं, गंजलेलं लोखंड, मणी आणि मडकी असतात. जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू कलेक्टरला कळवणं १८७८ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. मेटल डिटेक्टर घेऊन येणाऱ्यांना आम्ही सोबत नेत नाही.

रामटेकला नेलं तर?

गडावर वानरं आहेत, त्यांना कुत्री खपत नाहीत आणि कुत्र्यांना ती खपत नाहीत. पायऱ्यांवर हे भांडण नको. केवल-नरसिंहाच्या देवळातला वाकाटककालीन शिलालेख पाहायला कुत्र्याशिवायच जा. रामटेकहून नगरधनकडे जाताना शेतांतल्या पांदणी मात्र सकाळी मोकळ्या असतात, तिथं कुत्र्यासह फिरता येतं.

कोणत्या जातीचं कुत्रं चालतं?

गावठी सगळ्यात उत्तम. त्याला हे ऊन, ही धूळ, हे काटे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. लॅब्रॅडॉर हिवाळ्यात चालतं. पग आणि तशाच चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास पुरत नाही, त्यांना बागेत न्या. हस्की नागपुरात का पाळतात हे मला विचारू नका.

साप चावला, गोचीड लागली, ऊन लागलं तर?

साप: या भागात घोणस, ज्याला इकडे परड म्हणतात, नाग आणि मण्यार, तिन्ही विषारी. कुत्र्याला बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायाला चावा बसतो आणि भराभर सूज येते. चिरू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि सरळ डॉक्टरकडे. वाटेतच फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना कुठल्या दाराशी आहे आणि कधी उघडा असतो, हे निघायच्या आधी माहीत करून घ्या.

गोचीड: परतल्यावर चिमट्यानं, कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. रॉकेल वगैरे लावू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर रक्त तपासून घ्या. गोचीडताप लवकर कळला तर औषधानं आटोक्यात येतो.

ऊन: जीभ लांब, लाळ घट्ट, पाय लटपटतात. सावलीत न्या, अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला, मग डॉक्टर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ च्या पुढे जीवाला धोका.

सोबत काय घ्यावं?

पाणी, तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. कुत्र्याला प्यायला वाडगं, दोन मीटरचा पक्का पट्टा, चिमटा, जुनी चादर, म्हणजे जखमी कुत्रं उचलायला झोळी होते. तुमच्यासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट. घाण उचलायची पिशवी आणि तिच्यासोबत एक लहान खुरपं: दुसऱ्याच्या वावरात कुत्र्यानं केलं तर उचलून आणा. ‘खतच आहे की’ असं म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो की त्या वावरात उद्या बाया निंदायला बसणार आहेत, हातांनी.

पहिल्यांदा यायचंय. किती चालावं लागतं?

पहिल्या वेळी तीन-चार किलोमीटर, सपाट पांदणीनं, नऊच्या आत परत. कुत्रं गाडीत बसायला सरावलेलं हवं, रेबीजची लस झालेली हवी, आणि माजावर असलेली कुत्री त्या दिवसांत आणू नका, नाहीतर दोन गावांची कुत्री नागपूरपर्यंत सोडायला येतील. लहान मुलं आली तर आनंदच आहे, एका मोठ्या माणसामागे एक मूल किंवा एक कुत्रं, दोन्ही नाही. कळमेश्वर रोडला चहा-तर्रीपोह्याला थांबतो, तिथं कुत्र्यांना टेबलाखाली बसू देतात.